पकडला की नुसता लागला?

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकाची संपादक अनुजा हिचा फोन आला. "काका, तुमच्या कामाच्या आठवणी लिहाल का?" मला बरं वाटलं. सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, आणि आजवर त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. "लिहितो की," मी म्हणालो, "एकदा काय झालं, रिलीजच्या आदल्या दिवशी..." तिने मला तिथेच थांबवलं. "ते नको काका, ते आमच्या सगळ्यांच्याच घरी आहे. तुमचं ते पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचं लिहा ना."

म्हणजे माझं दुसरं काम. टेक्ससमधल्या फ्रिस्को आणि आसपासच्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत मी सतरा हंगाम पंच होतो. साताऱ्याचा माणूस, उंची पाच फूट पाच इंच, कमरेला पिवळं फडकं, गळ्यात शिट्टी, आणि आजूबाजूला माझ्या दुप्पट वजनाची सतरा वर्षांची मुलं. आमच्या सौभाग्यवतींनी मला त्या वेशात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एवढंच विचारलं, "अहो, तुम्हाला हे लोक सिरियसली घेतात?" याचं उत्तर मला सतरा वर्षांत नीटसं सापडलं नाही.

या खेळात मी शिरलो तो मुलीच्या क्लॅरिनेटमुळे. आमच्या भागातले देशी आईबाप फुटबॉलच्या सामन्याला जातात ते मार्चिंग बँडसाठी. अर्धा खेळ झाला की मधल्या सुट्टीत बँड मैदानावर येतो, आपण आपलं पोर शोधतो, तीनशे सारख्या टोप्यांमधलं भलतंच पोर शोधून त्याचा व्हिडिओ काढतो, आणि बँड उतरला की थर्मास उचलून घरी जातो. तिसऱ्या क्वार्टरला स्टँडचा आमचा कोपरा पूर्ण रिकामा असतो. खेळ कोण जिंकलं हे आम्हाला सोमवारी मुलांकडून कळतं, आणि तेही आपण विचारलं तरच.

एकदा मात्र बँडच्या आधीच गोंधळ झाला. एका मुलाने बॉलला लाथ मारली, दुसऱ्याने उडी मारून ती अडवली, बॉल कुठेतरी उडाला, तिसऱ्याने तो उचलला आणि पळत सुटला. अर्धं स्टेडियम आनंदाने ओरडत होतं आणि उरलेलं अर्धं रागाने. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "बॉल आता कुणाचा?" ते ट्यूबा वाजवणाऱ्या मुलाचे वडील, जन्मापासून टेक्ससमध्ये. ते म्हणाले, "आपला. हात लागला ना त्यांचा!" त्यांच्या बायकोने मान हलवली, "छे, लाथ मारली म्हणजे बॉल दिला. त्यांचा." मागच्या रांगेतले एक आजोबा पुढे वाकून म्हणाले, "तुम्ही दोघंही चुकताय," आणि पुढे काहीच बोलले नाहीत. सौ. मला मराठीत म्हणाल्या, "कुणाला काही कळत नाहीये. मग ओरडतात कशाला एवढे?"

तेवढा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आलो. टेस्टरची खोडच ती. सिस्टिम कशी वागते यावर वाद झाला तर आधी स्पेसिफिकेशन उघडून बघायचं. मी नियमांचं पुस्तक मिळवलं, पंटचं प्रकरण काढलं, तीनदा वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की या लोकांची काही चूक नाही.

ज्यांना फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ वाटतो, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉल ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्न मिळतात. त्यात दहा यार्ड पुढे सरकलं की नवे चार. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला बहुतेक संघ बॉल लाथेने लांब उडवून समोरच्याला देऊन टाकतात, म्हणजे निदान तो आपल्या दारात तरी मिळणार नाही. ही लाथ म्हणजे पंट. इथवर माझ्या आईलाही कळलं होतं.

आता ती लाथ समोरच्याने अडवली. खेळ जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागेच बॉल राहिला, तर तो कुणीही उचलावा आणि कुणीही पळावं. पण लाथ मारणाऱ्यांनीच उचलला, तर त्यांचा चौथा प्रयत्न अजून संपलेला नसतो. उरलेलं अंतर कापलं तर ठीक, नाहीतर बॉल समोरच्यांचा. आणि समजा, रेषेपाशी हात लागूनही बॉल पुढे निघून गेला, तर तो लागलेला हात मोजायचाच नाही. कुणी शिवलंच नाही असं धरायचं. पण तिथे पुढे, रेषेच्या पलीकडे, समोरच्याचा हात लागला तर मात्र तो मोजायचा.

हे वाचताना मला आत्याचं स्वयंपाकघर आठवलं. कुणी शिवलं, कुठे शिवलं, उंबऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, आधी आत्या शिवली की आधी आपण, यावर सगळ्या पातेल्याचं भवितव्य ठरायचं. ते नियम मला लहानपणी पाठ होते आणि पटले कधीच नाहीत. तरी त्या सवयीचा इथे उपयोग झाला. पंचांची संघटना नवी माणसं शोधत होती, कारण शिव्या खायला कुणी येत नाही. मी लेखी परीक्षेला बसलो आणि पहिला आलो. देशी माणूस परीक्षेत मागे पडत नाही. पुढचं सगळं अवघड असतं ते परीक्षेबाहेर.

पहिल्याच हंगामात सातवीच्या मुलांच्या सामन्यात हे सिद्ध झालं. पंट अडवला गेला, बॉल मागे घरंगळला, लाथ मारणाऱ्याच मुलाने तो उचलला आणि पळाला. पुस्तकाप्रमाणे त्याला पूर्ण अधिकार होता. मला ते पाठ होतं. पण मनात कुठेतरी "एकदा दिला तो दिला" असं काहीतरी बसलेलं, आणि मी शिट्टी फुंकली. शिट्टी वाजली की खेळ मेला. पोरगं थबकलं, माझ्याकडे बघत राहिलं, त्याच्यासमोर गोलपर्यंत, म्हणजे टचडाउनच्या सहा गुणांपर्यंत, एक माणूस नव्हता. आमच्या धंद्यात चुकून वाजलेल्या शिट्टीइतकं मोठं पाप नाही. तो प्रयत्न पुन्हा खेळवला, या वेळी पंट नीट गेला, आणि त्या मुलाच्या आईने सामना संपल्यावर पार्किंगमध्ये येऊन मला शांतपणे सांगितलं, "त्याच्या आयुष्यातला तो पहिला टचडाउन होता." तिने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या पाच जणांच्या टोळीचा मुख्य पंच होता डेल. निवृत्त प्लंबर, पांढरी टोपी, आवाज घोगरा. मधुकर हे नाव त्याला झेपत नसे, म्हणून मला तो मॅडी म्हणायचा. माझी शिट्टीची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "मॅडी, तू पुस्तक आठवत बसतोस. आधी बघ. मग शिट्टी. पुस्तक शेवटी." आणि त्याने मला कमरेला लावायची निळी पिशवी दिली. मुठीत मावणारी, आत दाणे भरलेली. कुणी बॉल हातात घेतला आणि मग त्याच्या हातून निसटला, तर ज्या जागी निसटला तिथे ही पिशवी टाकायची, म्हणजे खूण राहते. पण नुसता हात लागून बॉल उडाला असेल तर टाकायची नाही. म्हणजे पिशवी टाकणं हाच एक निर्णय असतो. बाकी चौघं ती पडलेली बघतात आणि समजतात की या माणसाच्या मते बॉल पकडला होता.

पकडणं आणि लागणं. सतरा वर्षं मी याच दोन शब्दांत अडकलो होतो. पुस्तकात लिहिलंय, बॉल घट्ट धरलेला हवा, ताब्यात हवा. घट्ट म्हणजे किती? याचं माप कुणाकडे नसतं. ते पंचाच्या डोळ्यात असतं, आणि पंचाच्या डोळ्यासमोरून ते पाव सेकंदात निघून जातं.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला मी खरं म्हणजे कां-कूं करत होतो.

काही वर्षांपूर्वीचा हंगामातला शेवटचा सामना. शनिवार, दुपारची वेळ. आमच्याकडे दोन-तीन शाळा मिळून एक स्टेडियम वापरतात, त्यामुळे काही सामने शनिवारी होतात. एक संघ हिरवा, एक पांढरा. जो जिंकेल तो प्लेऑफला जाणार, हरेल त्याचा हंगाम संपला. बारावीच्या मुलांसाठी तर बहुतेकदा आयुष्यातलं फुटबॉलच संपलं. चार मिनिटं उरली होती. हिरवे दोन गुणांनी पुढे. पांढऱ्यांचा चौथा प्रयत्न, अजून आठ यार्ड हवेत, आणि ते स्वतःच्याच गोलच्या बाजूला अडकलेले. ते पंट मारणार हे सगळ्यांना माहीत होतं.

माझी जागा रेषेच्या टोकाला. पंटच्या वेळी मी तिथून हलायचं नाही, बॉल रेषा ओलांडतो की नाही एवढंच बघायचं. बॉल काही रेषा ओलांडायला आलाच नाही. हिरव्यांच्या एका धिप्पाड मुलाने तो छातीवर अडवला. बॉल उंच उडाला, मागे पडला, एकदा वेडावाकडा उसळला आणि माझ्या बाजूने धावत येणाऱ्या हिरव्या एक्केचाळीस नंबरच्या कवेत गेला.

कवेत गेला एवढं मी नक्की पाहिलं. त्याने दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. एक पाऊल टाकलं, कदाचित दीड. मग बाजूने पांढरा खेळाडू येऊन त्याच्यावर आदळला, बॉल उडाला, आणि दुसरा एक पांढरा खेळाडू बॉलवर पालथा पडला. डेल लाथ मारणाऱ्या मुलापाशी गुंतला होता. जवळचा पंच मीच. आणि माझी निळी पिशवी गवतावर पडलेली होती. मी ती टाकली, की कमरेची काढून हातात घेतली होती आणि धावताना पडली, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

वाचकहो, घाई करू नका, आता यातली मेख बघा. त्या पोराने बॉल पकडला होता असं मानलं, तर बॉल एकदा हिरव्यांचा झाला, त्यांच्या हातून निसटला, पांढऱ्यांनी परत मिळवला. म्हणजे पांढऱ्यांना नवे कोरे चार प्रयत्न. आणि पकडलाच नव्हता, नुसता लागला, असं मानलं तर पांढऱ्यांचा तोच चौथा प्रयत्न चालू राहिला, आठ यार्ड काही झाले नाहीत, म्हणून बॉल हिरव्यांचा. थोडक्यात, पोराने बॉल पकडला असेल तर त्याचा संघ गोत्यात, आणि पकडता आला नसेल तर त्याचा संघ जवळजवळ जिंकला. हे त्या मैदानावर फार तर सात-आठ माणसांना माहीत असेल. एक्केचाळीस नंबरला नक्कीच नव्हतं.

कारण तो उठला, हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे बघितलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "आय हॅड इट, काका! काका, आय हॅड इट!"

मी पकडला होता, काका.

मी त्या मुलाला सहा-सात वर्षांत पाहिलं नव्हतं. आवाज फुटलेला, खांदे रुंद झालेले, पण डोळे तेच. सतीश देशमुखचा ईशान. सतीश आणि मी इथे आल्यावर पहिल्या अपार्टमेंटमध्ये समोरासमोर राहायचो. ईशान फुटबॉल खेळतो हेच मला माहीत नव्हतं. सतीशला तो खेळ म्हणजे हाडं मोडण्याचा कारखाना वाटायचा, पोराने टेनिस खेळावं म्हणून तो मागे लागलेला असायचा. सामन्याच्या आधी आम्हाला खेळाडूंच्या नावांची यादी मिळत नाही, नुसते नंबर. हेल्मेटमध्ये सगळी पोरं सारखी.

डेल धावत आला. त्याच्या मागे हिरव्यांचा कोच, साइडलाइनला हात पसरून.

डेल म्हणाला, "तो पोरगा तुला काय म्हणतोय?"

"काका."

"म्हणजे?"

"अंकल."

डेलच्या घामेजलेल्या तोंडावर पहिल्यांदा मला भीती दिसली. "मॅडी, तू त्याचा अंकल आहेस?"

"नाही नाही. आमच्यात सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे? कितीजण?"

"फ्रिस्कोमधले... म्हणजे बघ, तीन-चारशे तरी असतील."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला तीनशे पुतणे आहेत?"

वरून स्टेडियम ओरडत होतं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, आणि तिथे पाच हजार तोंडं होती. डेलने माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे बघ, ते नंतर. मला एकच सांग. त्याच्याकडे बॉल होता?"

तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नव्हता म्हणालो तर पोराचा संघ जिंकणार, आणि सगळं जग म्हणणार, काकाने पुतण्याला सामना दिला. पिशवी तर पडलेली, ती परत उचलून "चुकून पडली" म्हणणार कसा? होता म्हणालो तर मी कुणाचाच काका नाही हे सिद्ध होणार. डोळ्यांनी जे पाहिलं ते या सगळ्याच्या खाली कुठेतरी गेलं होतं. मी ते शोधत होतो आणि मला ते सापडत नव्हतं.

"होता," मी म्हणालो.

डेलने पांढऱ्यांच्या दिशेने हात केला. नवे चार प्रयत्न. ईशान आधी आनंदाने उड्या मारत होता, कारण पंचांनी त्याचं ऐकलं असं त्याला वाटलं. मग बॉल पांढऱ्यांना मिळाला हे बघून तो मैदानाच्या मधोमध उभाच राहिला. त्याच्या संघातल्या एकाने त्याला हाताला धरून बाहेर नेलं. पांढरे एक-एक यार्ड करत पुढे आले आणि शेवटच्या काही सेकंदांत त्यांनी तीन गुणांची किक मारली. हिरवे एका गुणाने हरले.

बाहेर पडताना हिरव्यांचा कोच माझ्यासमोर आला. शिव्या ऐकायची मी तयारी ठेवली होती. तो फक्त म्हणाला, "कसला काका आहेस रे तू?"

नंतर व्हायचं ते सगळं झालं. संघटनेने लेखी खुलासा मागितला, खेळाडू क्रमांक एक्केचाळीस याच्याशी तुमचं नातं काय. मी काका या शब्दावर इंग्रजीत दीड पान लिहिलं. त्यात चुलता, मामा, वडिलांचे मित्र, बिल्डिंगमधले लोक आणि भाजीवाले सुद्धा आले. वाचणाऱ्याचा गोंधळ वाढलाच असणार, कारण पुढच्या वर्षापासून आमच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला: सामन्यातील कोणी खेळाडू आपल्याला काका, मामा अथवा तत्सम संबोधतो का? माझ्यामुळे टेक्ससच्या कागदपत्रांत भर पडली, यात अभिमानाने सांगण्यासारखं काय आहे कोण जाणे, पण मी सांगतो खरा.

पंचांच्या बुधवारच्या बैठकीत त्या सामन्याचा व्हिडिओ लावला. बारा पंच, मोठा पडदा, डोनट. तो कॅमेरा पलीकडच्या बाजूला होता, त्यामुळे नेमक्या क्षणी ईशानची पाठच दिसत होती. थांबवून बघितला, मागे नेला, पुन्हा बघितला. सहा जण म्हणाले पकडला, पाच म्हणाले लागला. डेलने मत दिलं नाही. तो म्हणाला, "मॅडी जवळ होता. मॅडीने जे पाहिलं ते खरं." सगळ्यांनी मान हलवली. त्या वाक्याने माझं समाधान व्हायला हवं होतं. मी त्या रात्री आणि नंतर बरेच दिवस एकच प्रश्न स्वतःला विचारत राहिलो. त्या क्षणी मला कुणी काका म्हणून ओरडलं नसतं, तर मी काय म्हटलं असतं? एका पोराचा शेवटचा सामना मी डोळ्यांनी ठरवला, की स्वतःचं नाव वाचवण्यासाठी? मला ठरवता आलं नाही. मला लाज वाटत होती, एवढं मात्र अगदी स्पष्ट होतं.

त्यानंतरच्या रविवारी सतीशकडून फराळाचं बोलावणं आलं. इतक्या वर्षांनी. सौ. म्हणाल्या, "भांडायला बोलावत असेल तर चिवडा कशाला करेल?" तरी मी दारात जरा घुटमळलोच.

सतीशने दार उघडलं आणि मला मिठी मारली. "ये रे, ये! अरे, मी होतो त्या मॅचला! आयुष्यात पहिल्यांदा गेलो. ईशानची आई दरवेळी जायची, मी नाही. म्हटलं शेवटची आहे, जाऊ या. आणि त्याच दिवशी पोराने तो बॉल पकडला! मला काही कळत नाही बघ त्यातलं, पण मायक्रोफोनवर सांगितलं ना, एक्केचाळीस नंबरने पकडला म्हणून. मी शेजारच्यांना सांगितलं, माय सन, माय सन!"

तिथे जमलेल्या सगळ्यांना त्याने ती गोष्ट आधीच सांगितलेली दिसत होती. त्यांच्यापैकी कुणालाच नियम माहीत नव्हता. पकडला म्हणून हरले हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी चकली तोंडात घातली.

ईशान बाहेर गॅरेजपाशी गाडी पुसत होता. मी त्याच्याकडे गेलो. हेल्मेटशिवाय तो लहान वाटत होता.

"काका, सॉरी," तो म्हणाला. "मी तुम्हाला काका म्हणायला नको होतं ना? कोच म्हणाले, तुम्हाला ट्रबल झाला."

"ते जाऊ दे. तुला आता कळला का तो रूल?"

"याह. कोचने एक्सप्लेन केला. दोनदा." तो फडका पिळत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "काका, आय नेव्हर हॅड इट."

"काय?"

"बॉल. माझ्याकडे नव्हता. माझ्या पॅड्सवर बाउन्स होत होता, पूर्ण टाइम. माझे हात त्याच्याभोवती होते, पण तो हातात आलाच नाही. नॉट फॉर अ सेकंड."

मी गाडीला टेकलो. बारा पंच आणि एक मोठा पडदा, आणि खरं काय ते हा पोरगा फडका पिळत सांगत होता. "मग ओरडलास का रे, मी पकडला म्हणून?"

त्याचे डोळे भरून आले, आणि अठरा वर्षांच्या मुलाला ते कुणी बघायला नको असतं म्हणून मी रस्त्याकडे बघितलं.

"बाबा आले होते," तो म्हणाला. "फर्स्ट टाइम. एव्हर. मला वाटलं, निदान त्यांनी तेवढं तरी बघावं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तू नुसता गप्प राहिला असतास तर कदाचित जिंकला असतास, हे त्याला माहीत होतं. मी तुझा आवाज ऐकला नसता तर कदाचित बरोबर निर्णय दिला असता, हे मला सांगायला हवं होतं, आणि मी ते सांगितलं. तो म्हणाला, "इट्स ओके, काका." ते ओके नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

आतून सतीशची हाक आली. आम्ही दोघं आत गेलो. एवढ्यात कुणीतरी त्याला चिडवलं होतं बहुतेक, कारण तो हातात लाडू धरून, लाल चेहऱ्याने मधोमध उभा होता.

"हे बघ, पंचच आला. आता याच्याच तोंडून ऐका. मधू, खरं सांग, इतक्या जवळून तू बघितलंस. माझ्या पोराने बॉल पकडला होता की नाही?"

ईशान माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघत राहिला. सतरा हंगामांत मला असंख्य निर्णय देताना घाम फुटला होता. तेव्हा फुटला नाही. पहिल्यांदाच मला खरं काय ते पक्कं माहीत होतं.

"पकडला होता," मी म्हणालो. "चांगला घट्ट."